मानेचे दुखणे आणि त्याचे सोबती

मराठी भाषेत ‘मान’ हा शब्द दोन रूपांनी वावरतो. एक मान प्रतिष्ठेचा, तो पुल्लिंगी; दुसरी मान देहाची, ती स्त्रीलिंगी. पहिल्यास किंचित धक्का लागला तर आपल्या घरांतून केवढा गहजब होतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. दुसरीस काही झाले तर मात्र “उशी वाकडी झाली असेल” एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण होते. ही बोळवण शंभरांत बहुतेक वेळा योग्यच असते, हे प्रथमच सांगून टाकतो. कारण वाचकांस भिववून सोडण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परंतु ज्या थोड्या वेळा ती अयोग्य ठरते, त्या वेळी गेलेला दिवस, किंबहुना गेलेला प्रहरही, परत मिळत नाही. तेव्हा मानेच्या दुखण्यात स्वस्थ केव्हा बसावे आणि उठून दवाखान्याची वाट केव्हा धरावी, ह्याचा विवेक गृहस्थाच्या अंगी असणे जरूर आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

ह्या विवेकाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. दुखणे किती आहे, हे विचारू नये. ते कोणाच्या संगतीने आले आहे, हे विचारावे. एकट्या आलेल्या कळेने मनुष्य दोन दिवस कण्हत राहील व तिसऱ्या दिवशी हसत उठेल. उलट, काही घातक विकारांत मान जेमतेम दुखते, कधी दुखतही नाही. पण तिच्याबरोबर जो सोबती आलेला असतो तो भयंकर असतो.

जुन्या शास्त्रकारांचे निरीक्षण

मानेच्या पाठीमागील शिरेस अमरकोशात ‘मन्या’ म्हटले आहे व आपल्या देहवाचक ‘मान’ शब्दाचे नाते ह्या मन्येशीच आहे. चरकाचार्यांनी वाताचे ऐंशी विकार मोजले, त्यांत ग्रीवास्तंभ व मन्यास्तंभ ही दोन्ही नावे आली आहेत. सुश्रुतसंहितेने तर मन्यास्तंभाची कारणेही सांगितली : दिवसाची झोप, बसण्याउठण्याची वाकडी तऱ्हा आणि मान वर करून फार वेळ पाहणे. ज्याने जन्मभर फळ्यावर खडूने लिहिले आहे, त्या शिक्षकास ह्या तिसऱ्या कारणाची सत्यता निराळी पटवून द्यावयास नको. आजच्या काळात मान वर करून पाहण्यापेक्षा खाली घालून हातातील फोन पाहण्याचेच प्रमाण वाढले आहे. दिशा बदलली, तत्त्व तेच राहिले. त्याच सुश्रुताने डोके व मान ह्यांच्या सांध्यावर ‘कृकाटिका’ नावाची दोन मर्मे सांगून, त्यांस इजा झाल्यास मस्तक लटलट हालते, असेही नोंदविले आहे. म्हणजे ह्याच अवयवात सामान्य आखडणे आणि मर्माघात, दोन्ही संभवतात, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते.

आधुनिक शारीरशास्त्र हेच अधिक स्पष्ट करून दाखविते. मानेत सात मणके असतात. उंच जिराफाच्या मानेतही सातच. त्यांवर सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे मस्तक तोललेले असून, त्यांच्या मधील नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. पाठीमागच्या मेंदूस रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या तर ह्या मणक्यांच्या बाजूंच्या छिद्रांतूनच वर चढतात. एवढा मौल्यवान ऐवज इतक्या अरुंद वाटेने जातो, म्हणूनच ह्या वाटेवरील तक्रारीकडे डोळसपणे पाहावयाचे.

उशी उन्हात का ठेवतात?

मान आखडली की उशी उन्हात ठेवावी, उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, हे उपचार आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत. आणि गुण आल्याची साक्ष देणारेही घरोघर भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. झोपेत वाकडी राहिलेली मान, भरलेला हंडा उचलताना बसलेली लचक, शेतातून कापसाचे गाठोडे डोक्यावर आणल्यामुळे आलेला ताठा, ही सर्व स्नायूंची दुखणी असून ती काही दिवसांत आपली आपणच ओसरतात. उशी माडीवर वाळत घातली आणि मान मोकळी झाली, ह्यांचा संबंध कावळा बसावयास व ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडावी तसा. नैयायिक ह्यास काकतालीय न्याय म्हणतात. उशी उन्हात ठेवल्याने काही बिघडत नाही, ढेकूण असल्यास तेवढे जातात. बिघडते ते इतकेच की, उशीवर भरवसा ठेवून आपण सोबत्यांकडे पाहावयाचे विसरतो.

अशा साध्या दुखण्यास कोमट शेक द्यावा. मधुमेही माणसाच्या कातडीस चटका कळत नाही, म्हणून शेकाची पुरचुंडी प्रथम दुसऱ्याने हातावर लावून पाहावी. मान हळूहळू सोसेल तितकी फिरवीत राहावे. अंथरुणाला खिळून राहिल्याने ताठा वाढतो. उशी एकच व बेताच्या उंचीची असावी. तेल हलक्या हाताने चोळावे, रगडू नये. गळ्याचा पट्टा डॉक्टरांनी सांगितल्यावाचून दिवसचे दिवस बांधून बसू नये. दुखण्याच्या गोळ्या ज्यांस मूत्रपिंडाचा, हृदयाचा वा जठरव्रणाचा विकार आहे त्यांनी विचारल्यावाचून घेऊ नयेत. दुखणे दिवसेंदिवस उतरत असेल तर ह्यापलीकडे काही करणे नको. दोन आठवडे होऊनही ते उतरत नसेल, तर मात्र दुसरे कोणतेही लक्षण नसले तरी एकदा दाखवून यावे.

आता सोबत्यांकडे वळू. त्यांना ओळखण्यासाठी घरातील जाणत्या माणसाने पाच प्रश्न विचारावेत.

प्रश्न पहिला : ताप आहे काय?

वऱ्हाडचा उन्हाळा वर्णन करण्याची आवश्यकता नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अशा दिवसांत मूल तापाने फणफणून, डोके दुखते म्हणून रडू लागले, की “ऊन लागले” असा निर्णय पाच पळांत होतो. कांदा येतो, कैरीचे पन्हे येते. परंतु ताप, डोकेदुखी आणि ताठलेली मान ही त्रयी जर एकत्र आली, तर तो मेंदूच्या आवरणांचा दाह असू शकतो. मुलास हनुवटी छातीस लावावयास सांगावे. साध्या आखडण्यात मान एका बाजूस वळविताना अधिक दुखते. आवरणदाहात पुढे वाकविणेच अशक्य होते. त्याबरोबर ओकारी, उजेड सहन न होणे, गुंगी, असंबद्ध बडबड, झटके अथवा अंगावर जांभळट ठिपके आढळले तर क्षणाचाही विचार करू नये. तान्ह्या मुलात मान ताठेलच असे नाही. टाळू फुगणे, अंगावर न पिणे, सतत किरकिर वा उलट फारच निपचित पडणे, हीच त्याची भाषा असते.

आपल्या विदर्भास ह्याचा इतिहासही आहे. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा ह्या गावच्या ज्वरपीडितांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला व त्या गावाचेच नाव त्यास पडले. वाळूमाशीच्या दंशाने पसरणारा हा विषाणू पुढे २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रातील मुलांच्या मेंदूज्वरास कारण झाला. त्यात मान ताठते किंवा ताठतही नाही. पण ताप, ओकारी, झटके व बेशुद्धी ही इतक्या वेगाने येतात की सकाळचे खेळते मूल रात्री हाताशी राहत नाही. कोणी म्हणेल, खरोखरच ऊन लागले असेल तर? तर तेही घरी बसण्याचे कारण नव्हे. शुद्ध हरपू लागलेला उष्माघात हा स्वतःच तातडीचा आजार आहे. रोग कोणता, हे रुग्णालयाने ठरवावे. निघण्याचे आपण ठरवावे.

प्रश्न दुसरा : जखम झाली होती काय? पडणे झाले होते काय?

पऱ्हाटीचे वा तुरीचे खुंट पायात घुसणे ही आमच्याकडे शेतीवाडीच्या घरी नित्याची गोष्ट. जखम भरून येते, विसरलीही जाते. आणि बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आत जबडा उघडेनासा होतो, मान ताठते, पुढे पाठ कमानीसारखी वाकते. हाच धनुर्वात. २०१५ साली भारतातून माता व नवजात अर्भके ह्यांचा धनुर्वात निर्मूलनाच्या पातळीस आल्याचे जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याचे जंतू मातीतून गेलेले नाहीत. मुलांच्या लसींपैकी दहाव्या व सोळाव्या वर्षांच्या मात्रा घरोघर राहून जातात, आणि प्रौढांस तर शेवटची मात्रा केव्हा घेतली हे आठवतही नाही. जखम होताच ती स्वच्छ धुऊन त्याच दिवशी लसीची चौकशी करावी.

पडण्याची गोष्ट वेगळी. दुचाकीवरून, चिंचेच्या झाडावरून, जिन्यावरून पडलेल्या माणसाची मान दुखत असेल तर त्यास ओढून बसवू नये, पाणी पाजण्यासाठी डोके उचलू नये. डोके व धड एका रेषेत ठेवून, दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. उन्हाळ्यात विहिरीत व नदीच्या डोहात सूर मारणाऱ्या मुलांच्या वडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे की, चैत्र-वैशाखात पूर्णेचे पाणी पौषातल्याइतके खोल राहत नाही. तळाशी डोके आपटून मानेचा मणका मोडला तर चारही अवयव कायमचे लुळे पडतात. वृद्धांचे हाड ठिसूळ असते, म्हणून त्यांच्या बाबतीत न्हाणीघरातील साधे घसरणेही मोठे मानावे.

ह्याच प्रश्नात न्हाव्याच्या खुर्चीचाही समावेश करतो. चंपी झाल्यावर डोके दोन्ही हातांत धरून मान कडकन मोडण्याची चाल आहे. त्या आवाजात पुष्कळांस सुख वाटते. परंतु वर सांगितलेल्या धमन्यांचे आतले अस्तर अशा हिसक्याने फाटू शकते, तेथे रक्ताची गाठ होते व ती मेंदूस जाऊन अर्धांगाचा झटका येतो. १९९३ साली अमेरिकेतील वाइनट्रॉब नामक डॉक्टरांनी, केशप्रसाधनगृहात मान मागे टाकून केस धुऊन घेतल्यावर असा विकार झालेल्या पाच स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली होती. असे क्वचितच घडते. तथापि हिसक्यानंतर मानेत पूर्वी कधी न आलेल्या तऱ्हेची तीव्र कळ, भोवळ, दुहेरी दिसणे, जीभ जड होणे वा एका डोळ्याची पापणी उतरणे, ह्यांपैकी काही झाले तर ती थकव्याची चक्कर नव्हे.

व्यायामाविषयीही दोन शब्द. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून वऱ्हाडास शरीरसाधनेचे वळण लाविले आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याच्या पथकाने देशी खेळ जगास दाखविले. ज्या भूमीत ही परंपरा आहे तेथे व्यायाम सोडा, असे कोण सांगेल? बळकट मान कमी दुखते. पण मल्लखांबावरील मुलास उस्ताद आधी मानेची तयारी करून देतो. साठीच्या गृहस्थाने पुस्तकातील चित्र पाहून शीर्षासन आरंभावे, हा व्यायाम नव्हे, हट्ट होय.

प्रश्न तिसरा : हातापायांत काही फरक पडला काय?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. मानेतून निघालेली एखादी शीर दाबली गेली तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात. हे त्रासदायक खरे, पण पुष्कळदा औषधाने व विश्रांतीने बरे होते. हातातील जोर कमी होऊ लागला तर मात्र थांबू नये. आणि मज्जारज्जूच दाबला जाऊ लागला तर गंमत अशी की, वेदना थोडी व नुकसान फार. आजीच्या फुलवाती अलीकडे सारख्या वळत नाहीत, सुईत दोरा जात नाही, आजोबांच्या सदऱ्याची बटणे दुसऱ्याने लावावी लागतात, अक्षर बिघडते, चालताना पाय अडखळतात, अंधारात तोल जातो, लघवीस घाई होते वा ती अडते. घरची माणसे म्हणतात, “आता वय झाले!” वय झाले हे खरे, पण वयाने हात थरथरेल, थकेल, तो आपले कौशल्य काही महिन्यांत विसरणार नाही. ह्या विकारात गेलेली शक्ती पुष्कळदा पूर्ण परत येत नाही, उपचाराने पुढील हानी थांबते. म्हणूनच लवकर जाण्यात सारा लाभ आहे. मलमूत्राचा ताबा सुटणे किंवा पायांतील बळ झपाट्याने जाणे हे तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे लक्षण समजावे.

प्रश्न चौथा : दुखणे रात्री वाढते काय? अंग वाळते आहे काय?

साधी मान विश्रांतीने हलकी होते. जी मान निजल्यावर अधिक ठणकते, आठवड्यांमागून आठवडे वाढतच जाते, जिच्याबरोबर सायंकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, अन्नावरील वासना जाणे व वजन घटणे ही येतात, तिच्या मुळाशी मणक्याचा क्षय असू शकतो. क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत. परंतु तो हाडांतही घर करतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्या शस्त्रवैद्याने १७७९ साली मणक्याच्या ह्या विकाराचे वर्णन केले, ते रोगजंतूचा शोध लागण्याच्या शंभर वर्षे आधी. हा रोग आज औषधांनी बरा होतो व सरकारी रुग्णालयांत ती औषधे विनामूल्य मिळतात. मात्र ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे पुष्कळदा वर्षभर वा अधिकही, घ्यावी लागतात. सुशिक्षित घरांत “आपल्याकडे क्षय कसा होईल?” ह्या अभिमानानेच निदानास उशीर होतो. जंतू कुळगोत्र विचारीत नाहीत. ज्यांस पूर्वी कर्करोग झाला होता, जे दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घेतात, अथवा ज्यांस सांधे सुजविणारा आमवात आहे, त्यांनीही मानेचे नवे दुखणे अंगावर काढू नये.

प्रश्न पाचवा : छातीचे काही म्हणणे आहे काय?

हृदयाची कळ नेहमी छातीतच येते असे नाही. जिना चढताना मान, जबडा वा डावा हात भरून येतो व थांबल्यावर उतरतो. किंवा एकाएकी दाब येऊन दरदरून घाम, मळमळ व धाप लागते. स्त्रियांत व मधुमेही माणसांत छातीतील कळ अल्प असून अशी आडवाटेची लक्षणेच पुढे येण्याचा संभव अधिक. मान फिरविल्याने दुखणे बदलत नाही, पण चालल्याने वाढते, असे आढळल्यास तेल चोळीत बसू नये.

नावाचा सापळा

अशिक्षितांस अज्ञानाचे भय, तर सुशिक्षितांस नावाचे. एकदा कोणी ‘स्पाँडिलायटिस’ हा शब्द उच्चारला, की पुढील दहा वर्षे मानेसंबंधी घडणारी प्रत्येक गोष्ट त्या नावाच्या खात्यावर पडते. वस्तुतः पन्नाशीनंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज बहुतेकांच्या मानेत दिसते, आणि त्यांतील कित्येकांची मान कधी दुखलेलीही नसते. म्हणून प्रत्येक आखडण्याला चित्र काढीत सुटणे व्यर्थ. आणि जुन्या चित्राच्या आधारे नव्या लक्षणाकडे काणाडोळा करणे धोक्याचे. व्याकरणात ज्याप्रमाणे शब्द एकच असून विभक्ती बदलली की अर्थ बदलतो, त्याप्रमाणे दुखणे तेच दिसले तरी सोबती बदलला की नवा विचार करावयाचा.

आणि एक गोष्ट एकत्र कुटुंबांविषयी. आपल्या घरांत दुखणे सांगण्याचा अधिकार सर्वांस सारखा नाही. कर्त्या पुरुषाची मान धरली तर घर जागे होते. पहाटेपासून ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेने तेच सांगितले तर तो कामाचा कंटाळा ठरतो, आणि सासूबाई सांगत नाहीत, कारण मुलाचा खर्च होईल. पाच प्रश्न वर दिले ते ह्यासाठीच की दुखणेकऱ्याने तक्रार करण्याची वाट न पाहता घरातील वडील माणसाने ते स्वतः होऊन विचारावेत. विचारावयास दोन मिनिटे लागतात. एखाद्या घरी सुनेच्या हातून कपबश्या वरचेवर पडत असतील, तर तिला धांदरट म्हणण्यापूर्वी तिच्या मानेची विचारपूस करणारी सासू मला डॉक्टराइतकीच वंद्य वाटते.

कोठे जावे?

पडल्यावर दुखणारी मान, तापाबरोबर ताठलेली मान, मिटलेला जबडा, एकाएकी आलेले लुळेपण वा बोबडेपणा, मलमूत्राचा ताबा सुटणे, छातीच्या लक्षणांसह आलेली कळ, ह्यांत घरचा डॉक्टर संध्याकाळी येईल म्हणून थांबू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो आकडा फोनमध्ये लहानांसही शोधता येईल असा असावा. अमरावतीस जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्यास जुनी मंडळी अद्याप ‘इर्विन’ म्हणतात. अकोल्यास २००२ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडच्या मंडळींस घाट उतरण्यातच कित्येक तास जातात. त्यांनी तर संशय येताच निघावे, खात्री होण्याची वाट पाहू नये.

हातातील जोर कमी होणे, बोटांचे कौशल्य जाणे, रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप व वजनाची घट, ह्यांसाठी ह्याच आठवड्यात जावे. ह्यांपैकी काहीच नसून मान नुसती आखडली असेल, तर शेक घ्यावा, धीर धरावा व उशी खुशाल उन्हात ठेवावी.

दुखणे ओळखणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते त्यांच्यापर्यंत वेळेवर नेणे हे आपले. दोघांनी आपापले काम केले म्हणजे मानेचा आणि घराचाही मान राहतो.